बुंध्यापासून वीतभर

३ एप्रिल

पाणीपुरवठा खात्यात परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात उभी हयात घालवून सध्या रजेवर असलेल्या प्रस्तुत लेखकाने आज प्रथमच खुरपे हाती धरले. ते उलटे धरले आहे, असे स्वयंपाकघराच्या खिडकीतून तत्काळ कळवण्यात आले.

कळवणारी आमची ही. फेब्रुवारीत हिला पक्षाघाताचा हलका झटका आला. 'हलका' हे विशेषण डॉक्टरांचे. ज्या व्यक्तीचा हात आहे तिने ते अद्याप मान्य केलेले नाही. वाचा शाबूत आहे, चाल शाबूत आहे, माझ्याविषयीची मते तर पूर्वीहून शाबूत आहेत. केवळ उजव्या हाताची बोटे मुठीत वळून बसली आहेत आणि उघडायचे नाव घेत नाहीत.

ही शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचे मशीन, बेतण्याचे लांब टेबल, आणि खिळ्याला टांगलेली ती मोठी कात्री, जिला स्पर्श करण्याचा अधिकार मला विवाहापासून आजतागायत प्राप्त झालेला नाही. गिऱ्हाइके एकेक करून आपापली कापडे परत घेऊन गेली. सगळी फार हळू आवाजात बोलत होती, जणू कापडच अंथरुणाला खिळले आहे. आता टेबलावर एकच हिरवे कापड उरले आहे, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे. त्या म्हणाल्या होत्या की घाई नाही, मेअखेर शाळेची तयारी सुरू होईल तेव्हा येऊन जाईन. येऊन शिवलेले नेईन की नुसते कापड नेईन, हे त्या बोलल्या नाहीत आणि हिनेही विचारले नाही.

आज सकाळी मागच्या दारात उभी राहून ही म्हणाली, "वाफे मोडून टाका. तेवढीच एक काळजी कमी."

हे वाफे तिचे. टोमॅटो, वांगी, मिरच्या. मशीनवरून उठून ती थेट तिथे जाऊन बसायची. त्यांतले वांगे ताटात आल्याखेरीज मला ओळखता येत नाही. तथापि ही बाई तुटलेले बटणसुद्धा डब्यात घालून ठेवते. तिच्या तोंडून 'मोडून टाका' हे क्रियापद मी कधी ऐकले नव्हते, आणि ऐकल्यावर मला बरे वाटले नाही. वाफ्यांनंतर मशीन, मशीननंतर कात्री, असा एक अनुक्रम डोळ्यांसमोर दिसू लागला. सबब मी तिथल्या तिथे जाहीर केले की वाफ्यांचा कार्यभार आजपासून मी स्वीकारीत आहे.

"रजा माझ्यासाठी घेतलीत ना?" तिने विचारले.

मी म्हणालो, तेच तर.

"बरं," ती म्हणाली. हिचे 'बरं' हे पूर्ण वाक्य असते, आणि बहुधा ते माझ्याविरुद्ध असते.


६ एप्रिल

'पाण्याचा अपव्यय कटाक्षाने टाळावा' हे वाक्य या लेखणीतून किती वेळा उतरले असेल त्याची गणती नाही. आज प्रत्यक्ष क्षेत्रीय अनुभवातून निष्पन्न झाले की पाण्याचा अपव्यय मुख्यत्वे माझ्या चपलांमध्ये होतो. नळी वाफ्यापर्यंत पुरत नाही. बादलीने घातलेले पाणी सकाळी दिसते आणि दुपारी त्याचा मागमूस नसतो. खात्याचे सर्व प्रकल्प मला एकाएकी समजले. शिवाय तण. मी उपटले ते तण नव्हते, अशी खिडकीची नोंद आहे. आणि एका रिकाम्या पट्टीत कोथिंबीर पेरली. स्वहस्ते.

दुपारी हिला व्यायामताईंकडे घेऊन गेलो. या ताई वयाने आमच्या मुलीएवढ्या आहेत, हिला काकू म्हणतात आणि मला काका, आणि दोघांनाही सारखेच दरडावतात. त्यांचे म्हणणे असे की मूठ आवळणे सोपे आहे, उघडणे अवघड. पंजा पूर्ण पसरला पाहिजे, अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे. त्यासाठी त्यांनी एक रबरी चेंडू दिला. त्यावर तळवा ठेवून बोटे फाकवायची. हिने चेंडूकडे जसे पाहिले तसे ती आयते शिवलेल्या कपड्यांकडे पाहते.

तिथल्या बाकावर मला एक मुखपृष्ठहीन कृषिमासिक सापडले आणि त्यात ज्ञानप्राप्ती झाली. दगडी आच्छादन! रोपांभोवतीची माती दगडांनी झाकावी. ओलावा उडत नाही, तण उगवत नाही, रात्रीची ऊब टिकते. मला त्यात न लिहिलेला आणखी एक लाभ दिसला: माणसाला काही करावे लागत नाही. रजेवर नसताना असा प्रकल्प समोर आला असता तर मी डोळे मिटून शिफारस केली असती.


८ एप्रिल

दगडांचा प्रश्न सुटला. शेजारी हे आमच्या गल्लीचे सरन्यायाधीश आहेत. आयुष्यभर मालट्रक चालवला. आता कुंपणाच्या भिंतीवर कोपरे टेकून सर्व विषयांवर निकाल देतात आणि त्यावर अपील चालत नाही. ते आपल्या अंगणातली जुनी दगडी फरशी उखडून काँक्रीट घालणार आहेत. मी त्या दगडांची मागणी सविस्तर कारणांसह मांडली.

"न्या की साहेब," ते म्हणाले. "दगडाखाली भाजी येते हे आजच ऐकलं. पण तुम्ही सरकारी माणूस, दगडाखाली बरंच काही ठेवायची सवय असेल तुम्हाला."


१० एप्रिल

कंबर. इत्यलम्.


१३ एप्रिल

लोकार्पण सोहळा संपन्न झाला. उपस्थिती: मी, आणि गल्लीतील बोका.

घमेल्याघमेल्याने दगड आणले आणि वर्णानुसार मांडले. पांढरेशुभ्र दगड पुढच्या रांगेत, कारण दर्शनी भागाला महत्त्व असते हे मी नोकरीत शिकलो. करडे मागच्या रांगेत. प्रत्येक रोपाच्या बुंध्याला दगड असे घट्ट भिडवले की मुंगीला आत शिरायचे तर अर्ज करावा लागेल. दूर उभा राहून पाहिले तेव्हा डोळे भरून आले. त्यात थोडी माती गेली होती हेही नमूद करतो.

हिने खिडकीतून बराच वेळ पाहिले.

"गळ्याशी इतकं आवळू नका," ती म्हणाली. "त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि आळं कुठे गेलं? पाणी कुठून आत जाणार?"

मी तिला बाष्पीभवन समजावून सांगितले. उदाहरणे दिली. आळे म्हणजे बुंध्याभोवतीचा तो मातीचा खोलगट गोल. तो आता कालबाह्य संकल्पना झाला आहे, असे मी विनम्रपणे निदर्शनास आणून दिले. ती ऐकत राहिली. डाव्या हाताने उजवी मूठ पदराखाली झाकून घेतली होती, अलीकडे ती तसेच करते.

"बरं," ती म्हणाली.

सायंकाळी ध्यानात आले की रिकाम्या दिसणाऱ्या ज्या पट्टीवर मी सर्वांत मोठे दगड रचले, तिथेच माझी कोथिंबीर होती. पेरणारा मी आणि पुरणाराही मी. यापरते स्वावलंबन नाही.


१६ एप्रिल

सिद्धान्त सिद्ध झाला. दुपारच्या उन्हात एक दगड उचलून पाहिला, खाली माती गार आणि ओलसर! धावत जाऊन हिला सांगितले. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे. कसे ठाऊक, हे विचारायचे राहून गेले, कारण मी त्या वेळी बोलत होतो.

एक किरकोळ अनियमितता. पुढच्या रांगेतल्या कोपऱ्यावरच्या टोमॅटोभोवतीचे दगड बुंध्यापासून दोन बोटे मागे सरकलेले आढळले. बोक्यावर संशय. दगड पूर्ववत भिडवले.


१९ एप्रिल

बोका निर्दोष असावा. आज तीन रोपांभोवती तोच प्रकार. पुन्हा दोन बोटे, आणि तीही सगळीकडून सारखी. बोक्याला एवढी चिकाटी असती तर तो आमच्या खात्यात असता.

हे कृत्य माझ्या दुपारच्या निद्रेच्या वेळी घडते. जेवणानंतर थोडे पडण्याची माझी प्रथा पुरातन आहे, परंतु एवढे दिवस ती हिच्या टीकेचा विषय होती. आता उलट तीच म्हणते, "पडा थोडं. दगड उचलून दमलात." आजारपणाने माणूस मृदू होतो.

हिच्या नखांत माती दिसली. कुंडीतली असावी. आमच्याकडे कुंडी नाही हे लिहिताना आठवले, पण वाक्य पूर्ण झाले आहे.


२३ एप्रिल

शुभवार्ता. व्यायामताईंनी हिचा पंजा टेबलावर ठेवला आणि तर्जनी व मधले बोट आपणहून थोडे उघडले. ताईंनी हिच्याऐवजी माझे अभिनंदन केले, "काका, चेंडू नेमाने करून घेताय वाटतं." मी नम्रतेने मान तुकवली. ही खिडकीबाहेर पाहत होती.

घरी येऊन चेंडूचा शोध घेतला. तो कपाटाखाली, कोळिष्टकात होता. व्यायामाच्या भरात हिने त्याला धूळ चारलेली दिसते.


२८ एप्रिल

आज विनोद सुचत नाही, तरी प्रयत्न करतो.

ऊन भयंकर आहे. पुढच्या रांगेतले माझे पांढरेशुभ्र दगड ते आरशासारखे खालून परतवतात, आणि टोमॅटोची खालची पाने वरून नव्हे तर खालून भाजली आहेत. दर्शनी भागाचे महत्त्व रोपांना कळलेले नाही. मागच्या रांगेतले एक वांगे सकाळी आडवे पडले. हात लावला तर बुंधा जमिनीलगत कुजून मऊ झालेला. मी ज्या दगडांनी ते कवटाळले होते, ते काढल्यावर तिथे गोगलगायींचे संमेलन भरले होते.

एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवतो. ज्या रोपांभोवतीचे दगड कुणी अज्ञात इसम सरकवतो, ती रोपे ठणठणीत आहेत. ज्यांच्याभोवती माझी मांडणी अबाधित आहे, ती माना टाकत आहेत. यावरून असे अनुमान निघते की हा इसम मुद्दाम निरोगी रोपेच हेरून त्यांच्यावर हल्ला करतो.

हिला सांगावे की नाही, या विचारात होतो तोवर ती दारात आलीच.

"गेलं ते?"

मी म्हणालो, एकच. बाकीची आहेत.

"ते मी बी पेरून केलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. जेवली नाही. मी पुढच्या खोलीत डोकावलो तेव्हा टेबलापाशी बसली होती, डावा हात हिरव्या कापडावर आणि उजवा मांडीवर. मला पाहून म्हणाली, बाईंना फोन करून कापड घेऊन जायला सांगा. मी म्हणालो, त्यांचा नंबर सापडत नाही. नंबर फोनवर चिकटवलेला आहे, तिच्याच अक्षरात, झटक्याच्या आधीच्या.

मी वाफे वाचवण्याचा पत्कर घेतला होता तो भाजीसाठी नव्हे. ते मला ठाऊक आहे, दगडांना ठाऊक असण्याचे कारण नाही. मला एवढेच कळते की एक वांगे गेले की ती एक पाऊल मागे जाते, आणि वांगी मी घालवतो आहे.


२ मे

चौकशी समिती नेमली. सदस्य: मी. सरन्यायाधीशांची साक्ष घेण्यास गेलो. त्यांच्या गच्चीवरून आमचे वाफे स्वच्छ दिसतात. मी विचारले, दुपारी तिथे कुणाला पाहता का?

"पाहतो ना," ते म्हणाले.

कुणाला?

त्यांनी भिंतीवर टेकलेली कोपरे बदलली. "मला साक्ष द्यायला मनाई आहे."

मनाई कुणी केली, असे विचारले असता त्यांनी निकाल राखून ठेवला आणि काँक्रीटवर पाणी मारायला गेले. हा मनुष्य काहीतरी लपवतो आहे. फरशीचे दगड फुकट दिल्याचा त्याला पश्चात्ताप होत असावा आणि तोच हळूहळू परत नेत असावा. पण मग एकही दगड कमी कसा झालेला नाही?

हिच्या शिवणाच्या डब्यातून मोजपट्टी आणि निळा खडू गुपचूप घेतला. मोजमाप केले. बुंध्याभोवतीची मोकळी जागा आता दोन बोटांची चार बोटे झाली आहे, सर्वत्र सारखी आणि गोल, जणू कुणी गळा बेतला आहे. उष्णतेने दगड प्रसरण पावून एकमेकांना ढकलत असावेत, हा माझा तूर्तास सर्वांत शास्त्रीय तर्क. बुंध्यापाशी दगड पुन्हा भिडवले आणि त्यांच्या जागा निळ्या खडूने आखून ठेवल्या.

जेवताना हिने विचारले, "माझा निळा खडू कुठाय?"

फेब्रुवारीपासून तिने आपल्या कुठल्याही हत्याराची चौकशी केली नव्हती. मला एवढा आनंद झाला की खोटे बोलायचे विसरलो आणि खडू खिशातून काढून दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला, क्षणभर थांबली, आणि उजव्यात ठेवला. तो पडला. तिनेच वाकून उचलला. मी ताटात पाहत राहिलो.


७ मे

गुन्हेगार निर्ढावलेला आहे. माझ्या सर्व खुणा ओल्या फडक्याने पुसून त्याने दगडांवर स्वतःची रेघ आखली आहे. निळ्याच खडूने. रेघ थरथरती, जागोजाग तुटलेली, मद्यपी असावा. मात्र गोलाई अचूक.

पांढरे दगडही पुढच्या रांगेतून गायब होऊन नळाखाली, जिथे पाणी सांडून चिखल होतो, तिथे ओळीने मांडलेले आढळले. त्यांच्या जागी करडे आले आहेत. चपला आता भिजत नाहीत. चोरांत इतकी सौंदर्यदृष्टी असणे समाजाच्या दृष्टीने चिंताजनक आहे.

टोमॅटोला फुले आली.


१२ मे

हिच्या उजव्या हाताचे एक नख काळेनिळे झाले आहे. विचारले तर म्हणाली, दारात सापडलं. मी दारांची पाहणी करून बिजागऱ्यांना तेल घातले. व्यायामताई मात्र नखाकडे न पाहता बोटांकडे पाहत होत्या. पंजा टेबलावर ठेवल्यावर बोटे आता आपणहून बरीच सरकतात, करंगळी तेवढी हटवादी आहे.

"काकू, काय करताय तुम्ही नक्की?" त्यांनी विचारले.

"हे करून घेतात," ही माझ्याकडे मान वळवून म्हणाली.

ताईंनी मला शाबासकी दिली. महिन्याभरात न केलेल्या कामाची मिळालेली ही दुसरी शाबासकी. नोकरीत सगळ्या मिळून एवढ्या मिळाल्या नव्हत्या.


१६ मे

सरन्यायाधीशांच्या अंगणात काँक्रीट कापायचे यंत्र सुरू झाले आणि माझी दुपारची निद्रा भंगली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकी उघडी होती.

ही वाफ्यात होती. शिवताना पायाखाली घेते तो बुटका पाट वांग्यांच्या रांगेत ठेवून त्यावर बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला. उजव्या मुठीच्या मागच्या बाजूने ती एक दगड लोटत होती. तो हलेना. तिने मूठ उलटली, बोटांची टोके दगडाच्या कडेखाली घातली आणि ओढला. सरकला. मग अंगठा बुंध्याला टेकवला आणि बाकीची बोटे मातीवरून एकेक करून पुढे नेली, आळसावलेली गुरे हाकावीत तशी, आणि सर्वांत शेवटी करंगळी. करंगळी दगडापर्यंत पोचत नव्हती.

ती हाताशी बोलत होती. यंत्र मधूनच थांबे तेव्हा शब्द ऐकू येत.

"अजून. अजून थोडं. झोपलास काय? गिऱ्हाईक दारात उभं आहे."

दोन बोटे, मग चार बोटे, आणि आता जवळजवळ वीत. मी हे सगळे मोजले होते. मोजपट्टीने, तिच्याच. जागा वाढत होती कारण तिचा हात उघडत होता, एवढे साधे. आणि मी त्यावर उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडून बसलो होतो.

मी दाराच्या कडीला हात लावला. बाहेर जाऊन काय करणार होतो ते ठाऊक नाही. बहुधा एखादा विनोद. रुग्णालयात पहिल्या दिवशीही केला होता. मग हात काढून घेतला. तिने हे घरातल्या सगळ्यांपासून लपवले होते, आणि घरात मी एकटाच आहे.

पाणी न पिता परत गेलो, पलंगावर पडलो, आणि ती दचकू नये म्हणून मोठ्याने घोरू लागलो. झोपेचे सोंग मी कार्यालयात अनेकदा केले आहे, घोरण्याचे हे पहिलेच. घसा दुखेपर्यंत घोरलो.


१७ मे

आज चहाच्या वेळी ही म्हणाली, "काल घोरताना एकदाही अडखळला नाहीत."

मी म्हणालो, म्हणजे?

"खरं घोरता तेव्हा मधेच थांबता. मी उठून बघते, तोवर परत सुरू करता. काल सरळ चाललं होतं, मशीनसारखं."

मी बिस्कीट चहात बुडवले. ते विरघळून तळाशी गेले.

"सगळी जणं हाताकडेच बघतात," ती म्हणाली. "व्यायामवाली बघते, गिऱ्हाइकं बघतात. तुम्ही बघत नाही, पण तुमचं न बघणं पण दिसतं. तिथं आपलं बरं होतं. दगडाला काय, सरकला तर सरकला."

मी तळाचे बिस्कीट चमच्याने वर काढले.

"उद्यापासून मधेमधे थांबेन," मी म्हणालो.

"थांबा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आणि रोज ते दगड परत बुंध्याशी नेऊन लावता ते."

मी म्हणालो, ते आता बंद.

"बंद का?" ती म्हणाली. "मग दुपारी मी काय करू?"


२२ मे

नवीन कार्यपद्धती अमलात आली. सायंकाळी मी दगड बुंध्यांना भिडवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपतो, नियमानुसार अडखळत. मी उठेपर्यंत प्रत्येक रोपाभोवती आळे झालेले असते, आणि त्यात आणून टाकलेले पाणी मुरत असते. याविषयी घरात चर्चा होत नाही. नोकरीत एवढी सुसूत्र यंत्रणा मी पाहिली नाही; अर्थात तिथे झोपणाऱ्याच्या माघारी कुणी काम करीत नसे.

दोन्ही रांगा तगल्या आहेत. दगडांच्या फटीतून एके ठिकाणी वाकडे-तिकडे काहीतरी हिरवे वर आले आहे. तण समजून उपटणार होतो, पण वास घेतला. कोथिंबीर. माझ्या कारकिर्दीनंतरही काहीजण वाचतात, याचा तो जिवंत पुरावा.

काल एक मोठा दगड मुद्दाम मिरचीपाशी नेऊन ठेवला, अंमळ जड. आज तो तिथेच होता आणि त्यावर निळ्या खडूने एक फुली होती. रेघ अजून थोडी हलते, पण तुटत नाही. संदेश स्पष्ट आहे. तो मी हलवला.


२९ मे

करंगळी अजून उरली आहे. व्यायामताई म्हणतात, ती शेवटी येते. मी हिला विचारले नाही. पण काल एका टोमॅटोभोवतीची जागा मोजली तेव्हा बाकीच्यांपेक्षा बोटभर जास्त, पुरी वीतभर, भरली. वाफ्यात बाकीच्या रोपांना अजून ती बढती मिळालेली नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. उद्या दुपारी येतील. निरोप मी हिला सांगितला आणि तिने मान हलवली. कापडाचे काय, ते ती बोलली नाही. संध्याकाळी टेबलावरची धूळ पुसताना दिसली.


३० मे

सकाळी वाफ्यात गेलो तर टोमॅटोच्या प्रत्येक झाडाला काठी लावून ते कापडी पट्टीने बांधलेले. पट्ट्यांचे कापड राखी, गुळगुळीत, प्रतिष्ठित. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. माझी कार्यालयीन पँट! रजेच्या काळात माझा आणि तिचा कमरेपाशी मतभेद झाला होता हे खरे, तरी मी समेटाची आशा सोडली नव्हती.

तक्रार नोंदवण्यासाठी पट्टी जवळून पाहिली. पहिल्या झाडावरची कड उंदराने कुरतडल्यासारखी होती. दुसरीवर कात्री दोनदा घसरलेली. तिसरी, चौथी नागमोडी. मग हळूहळू नागमोड कमी होत गेली, आणि रांगेच्या टोकाला, शेवटच्या झाडावरची पट्टी सरळ होती. तिच्यावर मोजपट्टी ठेवून पाहिली. सरळ.

त्या पँटसाठी यापेक्षा गौरवाची सेवानिवृत्ती मला कल्पिता येत नाही. तक्रार मागे घेतली.

जेवण झाल्यावर मुख्याध्यापिकाबाई आल्या. मी मधल्या खोलीत वर्तमानपत्रामागे होतो. बाई त्याच हळू आवाजात म्हणाल्या की तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका, मी नुसतं कापड न्यायला आले आहे, दुसरीकडे टाकते, तुम्ही बऱ्या झालात की पुढचं तुमच्याकडेच.

मी पान उलटले, कारण न उलटणे संशयास्पद दिसले असते.

"दुसरीकडे कशाला?" ही म्हणाली. "उभ्या राहा. तुमच्या अंगात थोडा फरक पडलाय. गळा किती खोल ठेवू, चार बोटं?"

"हाताला त्रास..." बाई म्हणाल्या.

"वेळ लागेल," ही म्हणाली. "शाळा उघडायच्या दिवशी मिळेल, आधी नाही. हात वर करा."

खिळ्यावरून कात्री उतरल्याचा आवाज मी ओळखतो, जरी मला ती उतरवण्याचा अधिकार नाही. वर्तमानपत्राची घडी घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

वाफ्यातले दगड एकूण एक उचलून पुन्हा बुंध्यांशी नेऊन लावले. मोठ्या काळजीने, जिथे नकोत तिथे. मग आत येऊन पलंगावर आडवा झालो आणि मधेमधे थांबत घोरू लागलो.